मल्लव्वाची पांढरी

मल्लव्वानं रंग मागितला नव्हता. हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांना सांगितलंय की आता माझा मलाच वीट आलाय. संस्थेच्या इंजिनिअरला सांगितलं, त्याच्या पुण्याच्या मॅडमना फोनवर सांगितलं, तालुक्याहून पाहणीला आलेल्या साहेबांना सांगितलं. सगळे मान डोलावतात आणि वर म्हणतात, "पण रंग छान बसलाय हो." गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

तुम्ही शहरातले असाल तर तुमचीही तीच गत व्हायची, म्हणून आधीच सांगून ठेवते. आमच्याकडं गावाची जमीन दोन प्रकारची. पीक येतं ती काळी आणि घरं उभी राहतात ती पांढरी. पांढरी म्हणजे गावठाणाची उंच, भुरकट, राखेसारखी जमीन. पिढ्यान् पिढ्या माणसं तिथंच राहिली, घरं पडली, त्यांच्यावर परत घरं उठली, असं होत होत ती टेकाडासारखी वर आलीये. तिथं पाणी चढत नाही आणि भिंत फाटत नाही. काळी उन्हाळ्यात एवढ्या भेगा टाकते की वासराचा पाय अडकावा, आणि पावसाळ्यात फुगून बसते. म्हणून काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी उत्कर्षा. माहेर करकंबचं. लग्न करून मैंदर्गीच्या पुढं, पार कर्नाटकाच्या कडेला येऊन पडले, त्याला बारा वर्षं झाली. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. म्हणजे दाखले काढायचे, लोकांचे अर्ज भरायचे आणि नेट गेलं की त्यांच्या शिव्या खायच्या. इथं आले तेव्हा निम्मं गाव कन्नडात बोलायचं आणि मला ओ की ठो कळायचं नाही. मल्लव्वा तेव्हापासून मला 'तंगी' म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला वाटलं, बाई पैशाची तंगी सांगतीये. मी आत जाऊन सूपभर ज्वारी आणून तिच्या पदरात घातली. तिनं गाठ मारली आणि मग हसत सांगितलं की कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. ज्वारी काही परत दिली नाही.

मल्लव्वा साठीच्या पुढची. नेमकं वय विचारलं की म्हणते, "आधार कारडावर असंल ती." एक लेक, ती मैंदर्गीला दिलेली. बाकी एकटीच. तिचं काम माळवदाचं. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीच्या भिंतींची, वर लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या-काटक्या आणि त्याच्यावर मातीचा जाड थर. त्या सपाट छताला माळवद म्हणायचं. दर उन्हाळ्यात त्याच्यावर पांढरीची माती चाळून, पसरून, धोपटून बसवावी लागते, नाहीतर पावसात घरभर पातेली मांडून बसायची वेळ येते. मल्लव्वाचा नवरा हे काम करायचा आणि ती पाट्या वाहायची. नवरा काविळीनं गेला तेव्हा लोक म्हणाले, आता माळवदं कोण घालणार? ती म्हणाली, "म्या काय इतकी वर्सं डोळे झाकून पाटी उचलत हुते व्हय?" आणि शिडी चढली. बाईमाणूस माळवदावर चढलं म्हणून दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पण त्यांचीच घरं गळायला लागल्यावर मुकाट्यानं बोलावणी आली. ढाळ कुठं द्यायचा, पाणी कुठून काढायचं, हे तिच्याइतकं गावात कुणाला कळत नाही. चाळीस वर्षं तिनं पांढरीतल्या घरांवर माती घातली. राहायला मात्र ती खाली, नदीकडच्या आळीत. तिच्या सासरच्यांना पांढरीत जागा कधी मिळालीच नव्हती. का मिळाली नाही, असं गावात कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात नदी आळीत शिरली. दुपारी तीनला पाणी आलं आणि पाचपर्यंत चौदा घरं बसली. माणसं वाचली, कारण मल्लव्वानं सकाळीच पाण्याचा रंग बघून सगळ्यांना हाकलत वर शाळेत नेलं होतं.

आणि मग मदतीचा पूर आला. तो नदीपेक्षा वाईट, कारण तो ओसरायचं नाव घेईना. सोलापूरहून, पुण्याहून, कुठून कुठून गाड्या. प्रत्येकाला यादी त्याच्या त्याच्या नमुन्यात हवी आणि ती करायला मीच. प्रत्येकाला फोटो हवा. प्रत्येकाच्या सामानात बादली. एकेका घराला नऊ-नऊ बादल्या झाल्या. एकानं मुंबईहून चादरी पाठवल्या, त्याही सोलापुरी. दुसऱ्यानं लोकरी कानटोप्या पाठवल्या, आमच्याकडं, जिथं डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. मला हसावं की रडावं कळेना. लोकांच्या मनात वाईट नव्हतं हो. पण आधी विचारायला यांच्या बापाचं काय जात होतं? मल्लव्वा नऊ बादल्या एकात एक घालून, पालथ्या करून त्यांच्यावर बसायची. मला बघितलं की म्हणायची, "तंगी, बादल्या झाल्या. आता ठिवायला घर बघ की."

दिवाळीनंतर खरंच घरं बांधणारी संस्था आली. नाव सांगत नाही, कारण काम चांगलं होतं, म्हणूनच तर जास्त चीड येते. पूर, ऊन, वारा, सगळ्याला टिकणारी घरं बांधणार होते. जोतं तीन फूट उंच, भिंतींत सिमेंटचे पट्टे, खिडक्या समोरासमोर. इंजिनिअर राजस नावाचा, तिशीतला, पुण्याचा. मुलगा सरळ, पण टॅबशिवाय श्वास घेत नव्हता. चौदा कुटुंबांची माहिती त्या टॅबवर मी भरायची. शेवटी एक रकाना होता, 'लाभार्थीची विशेष मागणी'. वीस अक्षरांच्या आत. कुणी ओटा मागितला, कुणी मागचं दार, शेजारच्या दाक्षायणीनं देवाला कोनाडा मागितला. मल्लव्वा म्हणाली, "मला पांढरीत जागा पायजे. तेवडंच लिव."

मागं माणसं खोळंबलेली, टॅबचा जीव सात टक्क्यांवर आलेला. मी 'पांढरी' लिहिलं आणि पुढचं बटण दाबलं.

जानेवारीत जागा आखायला घेतल्या. ग्रामपंचायतीनं गावाबाहेरचं गायरान दिलं होतं, सगळी काळी जमीन. राजसनं चुन्याची फक्की मारून चौदा चौकोन पाडले. मल्लव्वा आली, चौकोनांवरून फिरली आणि त्याच्यापुढं उभी राहिली.

"माजी जागा कुटं?"

"ही बघा आजी, सात नंबर."

"मी पांढरी मागितली हुती."

"हो हो, नोंद आहे ना. तुमची पांढरीच होणार."

"हितं कशी हुईल? वर पायजे."

"वरसुद्धा आजी. छतापासून खालपर्यंत पांढरी."

आणि त्यानं टॅबवर एक चित्र दाखवलं. पांढरंशुभ्र घर, पुढं एक झाड. मल्लव्वानं चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी कपाळाला हात लावला. पुण्यात म्हणे या मागणीवर सगळे खूश होते. पांढऱ्या रंगानं ऊन परतवलं जातं, घर आतून थंड राहतं. 'ग्रामीण महिलेने स्वतःहून उष्णतारोधक रंगाची मागणी केली' असं त्यांच्या अहवालात छापूनही झालं होतं. राजस म्हणाला, "मॅडम, आम्ही तर चौदाही घरांना हाच रंग ठरवलाय. आजींमुळे."

मी त्याला पांढरी म्हणजे काय ते समजावलं. त्यानं सगळं ऐकून विचारलं, "मग तसं लिहायला हवं होतं ना?" मला इतका राग आला. वीस अक्षरांत माणसाचं घर मागायला लावायचं आणि वर हे ऐकवायचं.

मल्लव्वा मात्र भांडली नाही. तिनं त्याला हाताला धरून आधी शेजारच्या रानात नेलं. ज्वारी हुरड्यात आली होती. दोन ओळींमधल्या भेगेत तिनं काठी घातली, ती वीतभर आत गेली. "ह्यो जानेवारी हाय," ती म्हणाली. "मे म्हैन्यात ये, हात घालून बघ." मग त्याला पांढरीवर नेलं. तिथं एका पडक्या घराची एकच भिंत वीस-पंचवीस वर्षं उघड्यावर उभी आहे. वर ना माळवद, ना पत्रा. राजसनं तिच्यावर बोटं फिरवली, वाकून पायथा बघितला, पुन्हा वर बघितलं. एक चीर सापडली नाही. "तुझी भिंत चांगलीच असंल," मल्लव्वा म्हणाली. "पर खालची माती हलली तर भिंतीनं काय करावं, सांग."

त्यानं तिथूनच पुण्याला फोन लावला. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला. तासभर वाद घालून त्यानं एवढं मिळवलं: बाकीच्यांचा आराखडा आता बदलणार नाही. पण पांढरीतली एखादी जागा पंधरा दिवसांत मल्लव्वाच्या नावावर झाली, तर सात नंबरचं घर तिथं बांधायचं. नावावर म्हणजे नावावर, नुसती परवानगी चालणार नाही.

मी लगेच ग्रामपंचायतीचं घरांचं रजिस्टर काढून बसले. पांढरीत अकरा पडक्या जागा होत्या. मालक बहुतेक गाव सोडून गेलेले, कुणी सोलापूरला, कुणी पुण्याला. म्हटलं, एक तर मिळेलच. मल्लव्वा समोरच्या बाकावर येऊन बसली आणि मी एकेकाला फोन लावायला लागले. एक म्हणाला, तिथं आमचं देवाचं ठाणं आहे. देवाला सतरा वर्षांत उदबत्ती दिसली नाही, पण ठाणं आहे. दुसऱ्याचा भावकीचा वाद. तिसऱ्याला निवृत्तीनंतर तिथं बंगला बांधायचाय, तोही गुडघे धड नसताना. एका बाईंनी विचारलं, "कुणासाठी हवीये?" मी नाव सांगितलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि रेंज गेली. रेंज म्हणे पुण्यात गेली. चार दिवस हेच चाललं होतं. मी इकडं फोन आपटत होते, दात-ओठ खात होते. "बघ गं मल्लव्वा कशी माणसं आहेत. स्वतः राहायचं नाही आणि दुसऱ्यालाही राहू द्यायचं नाही. एकाच्याही काळजाला पाझर फुटू नये?"

मल्लव्वा बाकावर तंबाखू मळत होती. म्हणाली, "धाच झाले की, तंगी."

"काय दहा?"

"तू जागा अकरा म्हनलीस. फोन धा केलेस."

मी रजिस्टरकडं बघितलं. बघायची गरज नव्हती. राजसनं जिच्यावर बोटं फिरवली होती, ती भिंत आमची. माझे सासरे आबासाहेब, त्यांच्या थोरल्या चुलत्याचं ते घर, पडल्यापासून आबांच्या नावावर आहे. दहा जणांच्या नावानं चार दिवस बोटं मोडत होते मी, आणि अकरावं नाव रोज सकाळी माझ्या हातचा चहा घेत होतं. "तवाबी मी तीच मागितली हुती," मल्लव्वा शांतपणे म्हणाली. "पांढरीत जागा. तू निस्तं पांढरी लिवलंस. मला वाटलं, तुला अडचन असंल."

मी तिला काहीतरी बॅटरीचं सांगितलं. पण खरं सांगते, 'पांढरीत जागा' ही सहा अक्षरं आहेत. विसांत तीनदा मावली असती. त्या दिवशी माझा हात 'जागा' लिहायला का गेला नाही, हे मी स्वतःला अजून धड विचारलेलं नाही.

घरी आल्यावर आधी नवऱ्याला फोन केला. तो सोलापुरात नोकरीला, शनिवारी येतो. तो म्हणाला, "आबांना विचार." म्हणजे मीच मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. आबा माणूस वाईट नाहीत, हे मला सांगायलाच हवं. पुरात शाळेतल्या चौदा घरांना आठ दिवस भाकरी आमच्या घरातून गेली, आणि आबा स्वतः टोपली घेऊन जायचे. मी जेवताना विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ऱ्हाऊ दे की तिला," आबा म्हणाले. "कोन नको म्हनतंय? बांधू दे घर, ऱ्हाऊ दे मरंस्तोवर."

"पण आबा, जागा नावावर लागते."

"नावावर न्हाय."

"आपण तर काही बांधणार नाही तिथं."

"न्हाय बांधनार."

"मग?"

"पांढरीतली लोकं काय म्हनत्याल?"

"त्यांची सगळ्यांची माळवदं तिनंच घातलीत, आबा."

"त्ये काम झालं. ह्ये नाव हाय." ते ओरडले नाहीत, ताटावरून उठले नाहीत. उलट मला म्हणाले, भाकरी घे, गार होतीये. आणि मी घेतली. दहा जणांशी फोनवर भांडणारी बाई मी.

दुसऱ्या दिवशी मल्लव्वाला निरोप सांगितला, चांगला करून सांगितला. आबा राहा म्हणतात, जन्मभर राहा, कुणी काही म्हणणार नाही. तिनं विचारलं, "म्हंजी, ऊठ म्हनलं की उठायचं."

"असं कोण म्हणेल गं?"

"आबा न्हाय म्हनायचा. तुजा पोरगा म्हनंल. त्येचं तरी काय चुकलं? कागदावर नाव त्येचं असंल." मग उठली, लुगडं झटकलं आणि गायरानात जाऊन राजसला सांगितलं, सात नंबर बांध. लेक मैंदर्गीहून न्यायला आली होती, तिलाही परत पाठवलं.

घरं मार्चअखेर झाली. चौदाच्या चौदा पांढरीशुभ्र, लांबून बघितलं तर डोळे दिपावेत. किल्ल्या द्यायला पाहुणे आले, फेटे बांधले. संस्थेनं पुस्तिका काढली, तिच्यात मल्लव्वाचा पानभर फोटो आणि खाली 'पांढऱ्या घराचे स्वप्न साकार'. तिला वाचता येत नाही. तिनं पुस्तिका माझ्याकडं आणली आणि म्हणाली, काय लिवलंय वाच. मी वाचलं. ती म्हणाली, "बरं हाय."

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. खरं बोलायचं तर घरं आतून थंड होती, रंगानं आपलं काम केलं. मातीनंही केलं. आधी दाक्षायणीचा कोनाडा तडकला, मग चार नंबरचं दार बसेना, मग एकेका भिंतीला खालून वर चिरा चढत गेल्या. राजस फोनवर बिचारा जवळजवळ रडत होता. आणि त्याच आठवड्यात पुण्याहून टॅबवर नवा फॉर्म आला. 'समाधान सर्वेक्षण'. चौदा घरी जाऊन भरायचा, अर्थात मीच.

मल्लव्वाच्या मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत बोटभर चीर गेलेली. ती उकिडवी बसून तिच्यात माती भरत होती. भुरकट, बारीक चाळलेली माती, अंगठ्यानं दाबून दाबून. मी विचारलं, ही कुठून आणलीस? माहीत असून विचारलं.

"तुमच्या पडक्यातनं," ती म्हणाली. "आबा बसला हुता पारावर. त्येनंच पाटीला हात लावला. मातीला कोन न्हाय म्हनत न्हाय, तंगी."

मी टॅब उघडला. पहिलाच प्रश्न होता. आपण आपल्या नवीन घराबाबत समाधानी आहात का? होय किंवा नाही. मी म्हणाले, मल्लव्वा, नाही लिहिते. चीर दिसतीये, फोटो काढते, खरं काय ते एकदा त्यांना कळू दे. तावातावानं म्हणाले. इतक्या दिवसांचं सगळं त्या एका बटणावर काढायचं होतं मला.

तिनं मातीचा हात लुगड्याला पुसला आणि टॅबवर आडवा धरला.

"व्हय दाब."

"अगं पण का?"

"मगाशी तू दाक्षायणीचं भरताना बघितलं म्या. न्हाय दाबलं की पुडं कारन इचारतंय. जागा का मिळाली न्हाय, कुनी दिली न्हाय, समदं इचारत्याल. मग तुला तुज्या सासऱ्याचं नाव लिवावं लागंल." तिनं हात काढून घेतला. "तुला ऱ्हायाचंय त्या घरात."

नाही दाबायला पुढं केलेलं बोट मी मागं घेतलं. ती परत भिंतीकडं वळून माती भरायला लागली होती.

मी होय दाबलं.